सल्ला हवा: मुंबई ते विजयदुर्ग, शिडाच्या बोटीतून एकट्याने

बावटा: नमस्कार मंडळी. पावसाळ्यात 26 फुटी फायबरची शिडाची बोट घेतली. तशी जुनीच, माझ्यासाठी नवी. कील (तळाचा उभा पंख) पाण्याखाली सव्वा मीटर, मागे बाहेरून लावलेलं 8 हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन. सहा वर्षं क्लबच्या बोटींवर मुंबई बंदरातच फिरलोय, मांडव्यापुढे कधी गेलो नाही. डिसेंबरात एकट्याने विजयदुर्ग गाठायचंय. अंतर साधारण 145 सागरी मैल, पाच नॉट (तासाला पाच सागरी मैल) धरले तर तीस तास. दुपारी निघायचं, रात्रभर चालायचं आणि दुसऱ्या संध्याकाळी वाघोटन खाडीत नांगर टाकायचा, असा बेत आहे. ऑटोपायलट (आपोआप सुकाणू धरणारं यंत्र) घेऊ की एआयएस (आसपासची जहाजं पडद्यावर दाखवणारं यंत्र)? दोन्हीला पैसे नाहीत. बायकोला अजून सांगितलेलं नाही, त्यावरही सल्ला चालेल.

दर्यावेडी: आधी बायकोला सांगा. ऑटोपायलटचे पैसे तिथूनच सुटतील.

मतलई: या मार्गाने तीनदा गेलोय, त्यात दोनदा एकटा. तुमचं तीस तासांचं गणित कागदावरच राहू द्या. डिसेंबरात पहाटे जमिनीकडून मतलई वारा मिळतो, दहा-अकराला तो पडतो. मग तासदोन तास शीड नुसतं फडफडतं. दुपारनंतर वायव्येचा खारा वारा सुटला की बोट दक्षिणेला मस्त पळते, पण वारा पाठीमागून असतो. सुकाणू जरा चुकलं की शीड आडवं फिरून बूम (शिडाखालची आडवी काठी) डोक्यात बसतो. बूम पुढे बांधून ठेवायचा दोर आधीच तयार ठेवा.

खरा घोर रात्रीचा. आपल्या किनाऱ्यावर लाटांपेक्षा जाळी जास्त त्रास देतात. रायगड जिल्ह्याकडे डोल जाळी बांधायचे खुंट, त्याच्या दक्षिणेला तरती जाळी, आणि खूण म्हणजे थर्माकोलचा तुकडा नाहीतर तेलाचा रिकामा कॅन. अंधारात काही दिसत नाही. पहिल्या खेपेला हर्णैच्या अलीकडे रात्री दोनला माझ्या इंजिनाच्या पंख्यात दोर गुंडाळला. इंजिन इनबोर्ड, म्हणजे बोटीच्या आत बसवलेलं, त्यामुळे पाण्यात उतरणं आलंच. कमरेला दोर बांधून, तोंडात टॉर्च धरून अर्धा तास सुरी चालवली. तुमचं आउटबोर्ड वर उचलता येतं हे नशीब समजा, पण कील आणि सुकाणू अडकतातच.

म्हणून चार दिवसांत जा: दिघी (राजपुरीची खाडी) 40 मैल, हर्णै 30, जयगड 30, विजयदुर्ग 45. पहाटे चारला नांगर उचला, उजेडात पुढचा टाका. बाणकोटला शिरायचा मोह नको, सावित्रीच्या तोंडाशी वाळू साचते.

आणि ऑटोपायलटच घ्या. एकटा माणूस शीड कमी करायला पुढे गेला तर सुकाणू कोण धरणार? एआयएस चांगलं, पण लहान होड्यांवर ते बहुधा नसतंच, त्यामुळे पडद्यावर समुद्र मोकळा दिसतो आणि समोर होडी उभी असते.

बावटा: पण किनाऱ्यापासून वीस मैल आत राहिलो तर जाळी टळतील ना? वीस-वीस मिनिटांचा गजर लावून झोपेन.

मतलई: किनाऱ्याची जाळी टळतील, तिथे ट्रॉलर आणि मालवाहू जहाजं भेटतील. वीस मिनिटांत जहाज क्षितिजावरून अंगावर येतं.

गिर्येकर: विजयदुर्गाक रात्रीचो येव नको. जाळी दिसूची नाय. दिवसा ये, खाडी खोल आसा.

भांग: दोन गोष्टी सुटल्यात. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं. नांगराचा दोर भरतीची खोली धरून सोडा आणि ओहोटीला कीलखाली किती उरेल तेही पाहा. वेळेसाठी आजोबांचा हिशेब: तिथीची पाऊणपट. अष्टमीला सहाच्या, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास भरती. थोडं मागेपुढे होतं, भरती-ओहोटीचा तक्ता जवळ हवाच.

दुसरं, डिसेंबर म्हणजे शांत असं धरून चालू नका. 2017 च्या डिसेंबरात ओखी वादळ आलं तेव्हा केरळ-तमिळनाडूच्या कितीतरी बोटी देवगडच्या आसऱ्याला आल्या होत्या. हवामान खात्याचा अंदाज रोज बघा. व्हीएचएफ रेडिओ चॅनल 16 वर ठेवा, तटरक्षक दलाचा मदतक्रमांक 1554 पाठ करा. बोटीचे कागद आणि आधार वर काढून ठेवा, सागरी पोलीस विचारतात.

दर्यावेडी: दिलीप दोंदेंचं बघा. त्यांची शिडाची बोट म्हादेई फेब्रुवारी 2009 मध्ये मिळाली. आधी ते सोबती घेऊन मॉरिशसला गेले, येताना एकटे आले, आणि मग ऑगस्टमध्ये मुंबईहून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. नौदलातला माणूस असूनही! तुम्ही निदान अलिबागजवळच्या खांदेरी बेटापाशी दोन रात्री काढा. अंधारात एकट्याने शीड कमी करून बघा. इंधनाच्या जुन्या टाकीतला गाळ लाटांत ढवळून इंजिन बंद पडतं, तेही तिथेच कळेल.

बावटा: सर्वांचे आभार. तीस तासांचा बेत रद्द, ऑटोपायलट मागवला. पुढच्या शनिवारी खांदेरी. बायकोला सांगितलं. ती भांडली नाही, म्हणाली हर्णैपर्यंत मी येते, मासळीचा लिलाव बघायचाय, तिथून एसटीने परत जाईन. म्हणजे माझा एकट्याचा प्रवास हर्णैपासून. याला एकट्याने म्हणायचं का?

मतलई: म्हणा की. पहाटे चारचा चहा करायला कोणीतरी आहे, तोवर मजा करा.