टाकी धुतली तरी नळाला क्लोरीन शून्य. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किती वाढवू?

प्रश्न: पाथर्डीफाटा_प्लंबर
४० फ्लॅटची सोसायटी. जमिनीखालची टाकी ४०,००० लिटर, गच्चीवर १०,०००च्या दोन. सकाळी महापालिकेचं पाणी, कमी पडलं की बोअर. मागच्या महिन्यात सगळ्या टाक्या धुऊन टीसीएल मारली. मीटरपाशी ओटी टेस्ट (क्लोरीन असला की पिवळी होते) पिवळी येते, चौथ्या मजल्यावर रंगच नाही. तिथली एचटूएसची बाटली (पाण्यात घाणीचे जिवाणू असले की काळी पडते) ३० तासांत काळी. डोस वाढवावा का?

जलतपासणी
दादा, डोस नको वाढवू, आधी घाण कुठून शिरते ते शोध. मीटरला क्लोरीन आहे आणि वर नाही, म्हणजे मधे कुठेतरी तो खर्च होतोय.

पहिला संशय जमिनीखालच्या टाकीवर. टाकी पूर्ण उपसून, पुसून रात्रभर कोरडी ठेव. सकाळी भिंतीवर ओल फुटली असेल तर ती बाहेरूनच येते. ड्रेनेजचा चेंबर कोणत्या बाजूला आहे बघ आणि त्याच बाजूची भिंत नीट तपास. पावसाळ्यात जमीन भरलेली असते तेव्हा हे लगेच दिसतं. उन्हाळ्यात टाकी कोरडी वाटेल आणि फसशील. झाकण जमिनीच्या पातळीत असेल तर कडेने पार्किंगचं पाणी आत जातं. चौकट निदान सहा इंच वर उचलून घे. ओव्हरफ्लो थेट गटारात सोडला असेल तर तो तोड, उघड्यावर सोड आणि तोंडाला जाळी बांध.

आणि बोअर कसा जोडलाय?

पाथर्डीफाटा_प्लंबर
बोअर आणि महापालिकेची लाइन एकाच टी-जोडाला, मधे एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा वॉल्व्ह) आहे.

जलतपासणी
मग ते आधी सोडव. एनआरव्हीच्या सीटवर वाळूचा कण अडकला तरी तो गळतो. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळच येतं, बाकी वेळ लाइन रिकामी असते. कुणी लाइनला थेट मोटर लावली की उलटी ओढ बसते, आणि तुमचं बोअरचं पाणी गल्लीच्या लाइनमध्ये जातं. दोन्ही पाइप वेगळे करून टाकीत वरूनच सोड. पाइपचं तोंड ओव्हरफ्लोच्या पातळीपेक्षा पाइपच्या व्यासाच्या दुप्पट उंच हवं. बोअरच्या पाण्याची बाटली वेगळी लाव; त्यात मुळातच गंधकाचा वायू असेल तर बाटली उगाच काळी पडते.

सातपूर_लाइनकाम
टाकी धुतली, पण पाइप कुणी धुतले? आतला बुळबुळीत थर क्लोरीन खातो. गळती बंद झाल्यावरच हे कर.

गच्चीच्या प्रत्येक टाकीत २,००० लिटर ठेव. एक इंची पाइपच्या दर मीटर लांबीत साधारण अर्धा लिटर मावतं, त्यामुळे एवढं पुरतं. ५० मिलिग्रॅम प्रति लिटरसाठी एका टाकीला १०० ग्रॅम क्लोरीन लागतो, म्हणजे २५ टक्क्यांची टीसीएल ४०० ग्रॅम. पोतं उघडून महिने झाले असतील तर ताकद उतरलेली असते, ताजी आण. बादलीत कालवून अर्धा तास निवळू दे आणि वरचं नितळ पाणीच घाल. खालचा चुना गेला तर नळांच्या जाळ्या तुंबतात.

आरओ आणि सोलरचे वॉल्व्ह बंद कर, क्लोरीनने आरओची मेंब्रेन जाते. रहिवाशांना आदल्या दिवशी नोटीस दे. मग टाकीजवळच्या नळापासून एकेक उघडत जा, वास आला की बंद. एक तास थांब. शेवटच्या नळाचं १० मिलि पाणी आरओच्या पाण्याने ५०० मिलि कर आणि ओटी लाव. तक्त्यावर ०.६ आलं तर मूळ पाण्यात ३०. त्याखाली असेल तर परत कर. सोडताना बागेत किंवा नाल्यात नको. हायपो (सोडियम थायोसल्फेट) घालून ओटीला रंग येईनासा झाला की सोड.

गच्चीवर टोपी लावून सोडलेले पाइपचे जुने तुकडे असतीलच. ते टीपासूनच काप. साचलेलं पाणी तिथून परत लाइनमध्ये येतं.

गंगापूररोड_सेफ्टी
टीसीएल आणि बाथरूमचं ॲसिड कधीही एकत्र आणू नका, विषारी वायू निघतो. बंद टाकीत उतरण्याआधी दोन्ही झाकणं उघडून ब्लोअर लावा, माणसाला दोर बांधा, वर एकजण सतत हवाच.

सोलरचं पाणी ढगाळ दिवसांत ३५-४० अंशांवर राहतं, लिजिओनेला (न्यूमोनिया करणारा जिवाणू) त्यातच वाढतो. बॅकअप कॉइलने टाकी ६० अंशांपर्यंत नेऊनच लाइन चालू करा. नंतर शेवटच्या नळाला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन मिळायला हवा. बाटली दुसऱ्या दिवशी आणि परत पंधरा दिवसांनी लावा. तेव्हा काळी पडली तर गळती अजून शिल्लक आहे.