चॅप्लेनला मराठीत काय म्हणायचं?

दादरकर: मंडळी, एक शब्द अडलाय. आपत्तीत मदतीला जाणाऱ्या स्वयंसेवकांसाठी एक छोटी पुस्तिका मराठीत करतोय, त्यात 'मल्टिफेथ चॅप्लेन' सारखा येतोय. म्हणजे पूर, भूकंप, विमान अपघात असं काही झालं की हॉस्पिटलात, शवागाराबाहेर, निवारा केंद्रात लोकांजवळ जाऊन बसणारा माणूस. स्वतः कुठल्यातरी एका धर्माचा असतो, पण समोरचा कुठल्याही धर्माचा असो नाहीतर काहीच न मानणारा असो, त्याला त्याच्या पद्धतीने धीर द्यायचा, आणि आपल्या धर्माचा प्रचार अजिबात करायचा नाही हा पहिला नियम. डिक्शनरीत 'पाद्री', 'धर्मोपदेशक' वगैरे मिळतं. पाद्री लिहिलं तर भेंडी बाजारातला वाचक पान उलटणार. आणि इथे उपदेशच करायचा नाहीये तर उपदेशक कसला?

गिरगावकर: मूळ शब्द ख्रिश्चनच आहे. सेंट मार्टिनने थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा कापून अर्धा दिला अशी कथा आहे, त्या झग्याला लॅटिनमध्ये कापेला, तो सांभाळणारे ते कापेलानी, त्यावरूनच चॅपेल आणि चॅप्लेन. पण एवढं लांब कशाला जायचं, आपल्या आर्मीत हा माणूस आहेच की. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री, बौद्ध भिक्खू, सगळ्यांना मिळून 'धर्मगुरू' म्हणतात, भरती नायब सुभेदारच्या हुद्द्यावर. तेच घ्या, विषय संपला.

परळची: कसला संपला :) धर्मगुरू म्हटलं की पेपरातले दलाई लामा डोळ्यासमोर येतात. शिवाय गुरू बोलतो आणि बाकीचे ऐकतात, इथे बरोब्बर उलटं. मी हॉस्पिटलात समाजसेवेचं काम करते. शवागाराबाहेर लोक काय विचारतात माहितीये का, पोस्टमॉर्टेमला किती वेळ लागेल, मगरिबच्या, म्हणजे संध्याकाळच्या नमाजाच्या, आत दफन होईल ना, गुसल, म्हणजे मयताला आंघोळ, कुठे देऊ, आईला चेहरा दाखवण्यासारखा आहे का. ह्यात अध्यात्म कुठाय असं वाटेल, पण तिथे तेच असतं. आणि बॉडीच मिळाली नाही तर? आमच्यात पळसाच्या पानांचा पुतळा करून पालाशविधी करतात, तो कसा करायचा ते भटजी सांगतील, पण माणूस गेला असं कधी धरायचं हे घरातल्यांना आधी कोणाशीतरी बोलायचं असतं.

मुलुंडची: जपान्यांनी ह्याच भानगडीत स्वतःचा शब्द बनवला. 2011 च्या त्सुनामीनंतर तोहोकू युनिव्हर्सिटीने 2012 मध्ये कोर्स काढला, शिकलेल्याला म्हणायचं 'रिन्शो शुक्योशी', रिन्शो म्हणजे क्लिनिकल आणि शुक्योशी म्हणजे धर्माचं काम करणारा. कानेता नावाचे एक झेन भिक्षू तर तात्पुरत्या घरांच्या वस्तीत कॉफी आणि केक घेऊन जायचे, नाव 'काफे दे मोंकू'. जपानीत मोंकू म्हणजे कुरकुर, तक्रार, आणि इंग्रजीतला 'मंक' म्हणजे भिक्षू पण त्यातच आला. या, बसा, कुरकुर करा. मला तर जाम आवडलं.

गिरगावकर: मग आपल्याकडे 'समाचाराला जाणं' आहे की. कोणी गेलं की आपण समाचाराला जातो, तिथे कोणी प्रवचन देत नाही, नुसतं बसायचं. 'समाचारक' करा.

परळची: आणि कोणी वाचलं 'चॅप्लेनने पूरग्रस्तांचा समाचार घेतला' तर? झोडपलं वाटेल.

मुलुंडची: हाहा. 'समुपदेशक' पण नको, त्यात उपदेश आहेच आणि लोकांना वाटतं आपल्याला वेडं ठरवतायत. आणि दादरकर, 'सर्वधर्मीय' तर मुळीच लिहू नका, एकच माणूस सगळ्या धर्मांचा असल्यासारखं वाटतं. टीम वेगवेगळ्या धर्मांची असते, माणूस आपल्या एकाच धर्माचा.

दादरकर: हे पटलं, टीम 'बहुधर्मीय' करतो. माणसासाठी सध्या 'चॅप्लेन'च ठेवतो, डॉक्टर नर्स चालतात तसा हाही चालेल, आणि पहिल्यांदा येईल तिथे 'धीर द्यायला आलेली धार्मिक व्यक्ती' अशी फोड.

परळची: धार्मिक व्यक्ती म्हणजे रोज पूजा करणारी माझी सासू. 'धर्माचं शिक्षण घेतलेली' लिहा, आणि धीर 'द्यायला' की 'धरायला', तेही एकदा बघा.