शल्लकी आणि गुडघे: ३० रुग्णांवर किती भिस्त ठेवायची?

सालईबन
शल्लकी म्हणजे आपल्या विदर्भातली सालई. खोडाला खाच दिली की डिंक पाझरतो, तोच गुडघेदुखीवर देतात. नागपुरात त्याच्या अर्काची रीतसर चाचणी झाली, २००३ साली प्रसिद्धही झाली. गुडघ्याची झीज झालेले ३० रुग्ण. निम्म्यांना आधी औषध, निम्म्यांना आधी बिनऔषधाची कॅप्सूल. आठ आठवड्यांनी मध्ये खंड ठेवून अदलाबदल. कोणाला काय मिळतंय, हे रुग्णालाही ठाऊक नाही नि डॉक्टरलाही. दुखणं कमी झालं, गुडघा जास्त वाकायला लागला, चालणं वाढलं. एक्स-रे मात्र होता तस्साच.

आणि विकणारे काय सांगतात? झीज भरून येते! ३० माणसांवर एवढी उडी? मोठी चाचणी होईपर्यंत डॉक्टरांनी हे लिहूनच देऊ नये.

वैद्यीणबाई
एक्स-रेबद्दल सहमत. बाकी नाही. मोठी चाचणी म्हणजे हजार जणांना तीच कॅप्सूल, हो ना? आमवात (न पचलेल्या 'आमा'ने सांधे सुजणं) वेगळा, संधिगत वात (सांध्यांची झीज) वेगळा. आमवातात आधी लंघन म्हणजे उपास, मग पाचन म्हणजे पचन सुधारणारी औषधं. तिथे सुरुवातीलाच तेल चोळलं तर दुखणं वाढतं. रुग्णाचा अग्नी, म्हणजे पचनशक्ती, न बघता एक अर्क द्यायचा आणि आयुर्वेद पास की नापास ते ठरवायचं? फोडणीतली मोहरी चाखून आमटीला नावं ठेवण्यातला प्रकार झाला.

आकडेमोड्या
बाई, आमटीचीही चाचणी झालीय. पुण्याच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने, अनेक केंद्रांवर. २०१३ साली प्रसिद्ध झाली, ४४० रुग्ण, २४ आठवडे. सुंठ-गुळवेलीची मिश्रणं (एकात शल्लकीही) एकीकडे, ग्लुकोसामाइन (सांध्यांसाठीचं पूरक औषध) आणि सेलेकॉक्सिब (वेदनाशामक गोळी) दुसरीकडे. आयुर्वेदाची औषधं त्यांच्या तोडीस तोड ठरली.

पण आयुर्वेदिक औषध घेणाऱ्या काही जणांचं एसजीपीटी (यकृताला त्रास झाला की रक्तात वाढणारं द्रव्य) वाढलं. त्रास काहीच नाही, रक्त तपासलं म्हणून कळलं. औषध बंद केल्यावर उतरलं. नाडी बघून हे कळलं असतं का?

वैद्यीणबाई
टोमणा पोचला. पण तुमच्या चाचण्या मोजतात काय? वेदनेला शंभरपैकी गुण. माझ्याकडच्या आजींना जेवायला पाटावर बसता यायला हवंय.

आकडेमोड्या
पुण्याच्याच मंडळींनी परदेशी प्रश्नावली आपल्याकडच्या सवयींप्रमाणे बदलून घेतली आहे. त्यात मांडी घालून बसणं आहे, उकिडवं बसणंही आहे.

गुडघेवाली
वादात पडत नाही, फक्त एक सांगा. रक्तदाबाची गोळी चालू असताना शल्लकी घेऊ का? दुकानदार म्हणतो, 'झाडपाला आहे, काही होत नाही.'

सालईबन
दुकानदाराला नका विचारू. दोन्ही गोळ्यांची पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जा. झाडपाल्याने काही होत नसेल तर गुडघ्याला तरी कसं होणार?

वैद्यीणबाई
इथे मात्र सालईबन बरोबर. ताई, यकृताची तपासणीही करून घ्या. मी माझ्या रुग्णांना सांगायला लागलेय. पण सगळ्यांना एकच गोळी? ते मला अजूनही मान्य नाही.