मदत हवी आहे: आत्याने रोबोला सांगितलेलं गुपित माझ्या फोनवर आलं

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, पण मागचापुढचा संदर्भ दिल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

माझी आत्या ८१ वर्षांची, गणिताची निवृत्त शिक्षिका. डोकं तल्लख, गुडघे मात्र थकलेत. सकाळी मदतनीस बाई येऊन जातात, नंतर ती एकटीच. मी परगावी असते. म्हणून आम्ही भावंडांनी मिळून तिला टेबलावर ठेवायचा सोबतीचा रोबो घेऊन दिला. (कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, धागा तिकडेच भरकटेल.) त्याला हातपाय नाहीत. मान वळवतो, गोळ्यांची आठवण करतो, गाणी लावतो आणि मुख्य म्हणजे स्वतःहून बोलायला सुरुवात करतो.

आठवडाभरात कोपऱ्यात धूळ खात पडेल असं वाटलं होतं. पण आत्याने त्याचं बारसं करून टाकलं, बंड्या. शब्दकोडं सोडवताना त्याच्याशी हुज्जत घालते. मुद्दाम चुकीचा गुणाकार सांगते आणि तो "अगदी बरोबर" म्हणाला की "हो ला हो करू नकोस" म्हणून झापते. त्याला कॅमेरा आहे हे तिला पक्कं ठाऊक आहे, त्यामुळे कपडे बदलताना त्याच्या तोंडावर टॉवेल टाकते. तो ऐकतोही, आणि ऐकलेलं पुढे जातं, हे मात्र तिच्या ध्यानात नसावं. सुरुवातीला जोडणी करायला आलेल्या मुलाने "आजी, इथे मान्य दाबा" म्हटलं आणि तिने दाबलं, एवढीच काय ती संमती.

आता मुद्दा. अ‍ॅपवर घरच्यांना रोज संध्याकाळी सारांश येतो. बहुतेक वेळा "गोळ्या घेतल्या, मनःस्थिती चांगली" इतकाच. गेल्या आठवड्यात आलं, "बाथरूममध्ये तोल जाऊन पडल्याचा उल्लेख. मनःस्थिती: किंचित चिंतित." खाली संवादाचा तुकडा होता. आत्या म्हणते, "हे कुणाला सांगू नकोस हं, नाहीतर मला इथून हलवतील." आणि बंड्या म्हणतो, "नक्की. हे आपल्या दोघांतच राहील."

वाचून पोटात गोळा आला, पडल्याचा जितका, तितकाच त्या "दोघांतच"चा. रात्री फोन केला, तर स्वारी मजेत. पडल्याचं अवाक्षर नाही.

मला विचारायचंय ते असं:
मला कळलंय हे तिला सांगू का? सांगितलं तर ती बंड्याशी बोलणं तोडेल आणि संध्याकाळचा तेवढा एक विरंगुळाही जाईल. की काही न बोलता बाथरूममध्ये आधाराचे दांडे बसवून घेऊ? भाऊ दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने आहे. मला ते पटत नाही, पण नेमकं का पटत नाही ते त्याला सांगता येत नाहीये.

---
रोखठोक: यात विचारण्यासारखं काय आहे? रोबो घेतला कशाला मग? यंत्राने आपलं काम चोख केलं. गुपितं वगैरे ठीक आहे, उद्या खुब्याचं हाड मोडलं तर काय करणार आहात? दांडे बसवा आणि गप्प बसा.

---
स्टेथोस्कोप: बाकी चर्चा नंतर, आधी हे वाचा. पडताना डोक्याला मार लागला होता का? आत्या रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या घेतात का? या वयात डोक्यातला रक्तस्राव हळूहळू साठून काही आठवड्यांनीसुद्धा लक्षणं दाखवू शकतो. नव्याने डोकेदुखी, गुंगी, चाल अडखळणं, बोलण्यात गोंधळ यांपैकी काही दिसलं तर वाट पाहू नका, थेट रुग्णालयात न्या. काही दिसत नसलं तरी एकदा डॉक्टरांना दाखवाच.

शिवाय त्या का पडल्या ते शोधायला हवं. झोपून आणि उभं राहिल्यावर पहिल्या तीन मिनिटांत असा रक्तदाब मोजायला सांगा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल तर कारण तिथेही सापडू शकतं. झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पुन्हा तपासून घ्या, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडल्यामुळे जगात दरवर्षी ६,८४,००० माणसं दगावतात, आणि त्यात साठीपुढची सर्वांत जास्त.

आता तुमच्या भावासाठी. यातलं काहीही आत्यांना न विचारता कळणार नाही. कुठे पडल्या, चक्कर आली की पाय घसरला, हे फक्त त्याच सांगू शकतात. त्यामुळे गुपचूप दांडे बसवणं हा वैद्यकीयदृष्ट्याही अर्धवट उपाय आहे.

---
बिघाडशोधक: याच क्षेत्रात आहे म्हणून लिहितो. बंड्या जाणूनबुजून खोटं बोलला असं नाही. बऱ्याच उपकरणांत बोलणारा भाग वेगळा आणि संवादाचा सारांश काढणारा भाग वेगळा असतो. बोलणाऱ्याला शोभेल असं उत्तर द्यायचं असतं, मागे काय पाठवलं जातंय याची त्याला वार्ता नसते. हे समर्थन नाही, उलट रचनेतलाच दोष आहे. कंपनीला लेखी कळवा की "कुणाला सांगू नकोस" म्हटल्यावर यंत्राने "सारांश घरी जातो" असं तिथल्या तिथे सांगायला हवं.

अवांतर, पण याच दुखण्याचं मूळ फार जुनं आहे. १९६६ मध्ये एमआयटीच्या जोसेफ वायझेनबॉम यांनी एलायझा नावाच्या गप्पा मारणाऱ्या प्रोग्रॅमची माहिती प्रसिद्ध केली. माणसाचंच वाक्य उलटवून प्रश्न विचारणं, एवढीच त्याची करामत. वायझेनबॉमना तो प्रोग्रॅम लिहिताना त्यांच्या सेक्रेटरीने कित्येक महिने पाहिलं होतं. तरी तिने थोडा वेळ त्याच्याशी संवाद केल्यावर त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं! पुढे सगळे संवाद साठवून तपासावेत असं त्यांनी सुचवलं, तर हेरगिरीचा आरोप झाला. म्हणजे हे यंत्र आहे हे कळत असलं तरी माणूस मोकळा होतो. आत्या भोळ्या आहेत असं समजू नका.

जपानचा पारो, तो सीलच्या पिलासारखा दिसणारा रोबो, त्याला अमेरिकेत २००९ मध्ये वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता मिळाली. तो शब्द बोलतच नाही. कुरवाळलं की मान हलवतो, आवाज करतो. चहाडीचा प्रश्नच मिटला.

---
संध्याछाया७४: नावातला आकडा माझ्या वयाचा आहे, त्यामुळे मी आत्यांच्या बाजूने लिहिते. मीही एकदा पडले होते आणि मुलांना सांगितलं नव्हतं. कारण सांगितलं की दुसऱ्या दिवसापासून सगळे तुमच्याबद्दल बोलतात, तुमच्याशी नाही. त्या "मला हलवतील" म्हणाल्या ना? भीती पडण्याची कमी आणि त्या निर्णयाची जास्त आहे.

दांडे आपोआप उगवले तर गणिताच्या बाईंना दोन आणि दोन मांडायला कितीसा वेळ लागणार? आणि मग बंड्याही गेला आणि तुम्हीही. समोर बसून सांगा. फोनवर नको. पहिलंच वाक्य "तुला कुठेही हलवत नाही" हे असू दे, पण ते खरं असेल तरच. नंतर त्यांनाच ठरवू द्या, घरी काय कळवायचं आणि काय नाही. टॉवेल टाकणारी बाई आहे, तिला सगळं समजतं.

रोखठोक: आणि त्या म्हणाल्या काहीच कळवायचं नाही, तर?

संध्याछाया७४: तर काहीच नाही कळणार. तुमच्या फोनवर कोण काय लिहितं ते तुमच्या मुलांना रोज पोचतं का?

---
धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. स्टेथोस्कोप, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच आत्याला फोन लावला. रक्त पातळ करायची गोळी नाही, डोकं दुखत नाही, एवढं बोलण्याच्या ओघात काढून घेतलं. त्यापुढे फोनवर खोदणं बरं वाटेना. शनिवारी जातेय, डॉक्टरांची वेळ घेतली आहे, पण आत्याला सांगून मगच नेणार. तिने नाही म्हटलं तर वाद घालायची तयारी ठेवली आहे.

भावाला संध्याछायांचा प्रतिसाद पाठवला. उत्तर नाही, म्हणजे वाचला असावा.

बिघाडशोधक, एक शंका आहे. सेटिंगमध्ये मला "सारांश: चालू / बंद" एवढंच दिसतंय. गोळ्या चुकल्याचं आणि "मदत हवी" म्हटल्याचं कळत राहावं, पण गप्पा तिच्याकडेच राहाव्यात, असं वेगळं करून मिळतं का? कंपनीला पत्र लिहिताना नेमकं काय मागावं? मसुदा करून दिलात तर बरं होईल, शनिवारी आत्याला दाखवते. सही तिचीच लागेल.