बिनकाटेरी आणि थंडी सोसणारे अगेव्ह बागेत लावता येईल का?

ओसरी:
नमस्कार. बागेतील पायवाटेला लागून एक कोरडा, दगडगोट्यांचा वाफा करावा आणि त्याच्या मधोमध घायपाताच्या कुळातील एखादे भरदार झाड असावे, अशी इच्छा बरीच वर्षे मनात आहे. परंतु त्या वाटेवरून दोन लहान मुलांची धावपळ दिवसभर चालू असते आणि पानाच्या टोकाला दाभणासारखा काटा असलेले झाड मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावण्याचे धाडस होत नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी अगेव्ह अ‍ॅटेन्युएटा हे पूर्णपणे बिनकाटेरी झाड लावले. पहिला हिवाळा सौम्य असल्याने ते तरले. गेल्या हिवाळ्यात मात्र सलग तीन रात्री तापमान उणे ६ अंशांपर्यंत उतरले, दहिवर पडले आणि चौथ्या दिवशी सगळी पाने शिजवल्यासारखी मऊ होऊन खाली लोंबली.

आता अगेव्ह ब्रॅक्टिओसा या जातीविषयी वाचले. ती बिनकाटेरी असून थंडीही सोसते असे म्हणतात. आमच्याकडे हिवाळ्यात पाऊसही पडतो आणि जमीन चिकण आहे. अशा ठिकाणी हे झाड जमिनीत तगेल का, की हाही पैसा पाण्यात जाईल?

मुरमाड:
आपली निवड योग्य आहे, किंबहुना या दोन्ही अटी पाळणारी दुसरी जात मला सुचवता येणार नाही. अगेव्हच्या दोनशेहून अधिक जातींपैकी ज्या कडाक्याची थंडी सोसतात, त्या बहुतेक सर्व काटेरी आहेत. अगेव्ह पॅरी हे त्याचे उत्तम उदाहरण. उलट ज्या मऊ आणि निरुपद्रवी आहेत, त्या बहुतांशी उबदार प्रदेशातल्या असून आपल्या अ‍ॅटेन्युएटाप्रमाणे उणे २ अंशांच्या आसपासच पाने गमावू लागतात. ब्रॅक्टिओसा मूळची ईशान्य मेक्सिकोतील सिएरा माद्रे ओरिएंताल या पर्वतरांगेतली, म्हणजे कोआविला, न्यूवो लेओन आणि तामाउलिपास या राज्यांतल्या चुनखडीच्या उभ्या कड्यांवरची. मुळे नीट धरलेले झाड कोरडे असेल, तर उणे १२ अंशांपर्यंतची थंडी ते सोसते.

आता सगळे काही त्या ‘कोरडे असेल तर’ या अटीवर येऊन ठरते. कड्याच्या भेगेत मुळे रोवून वाढणाऱ्या या झाडाच्या गावी पाऊस मुख्यतः उन्हाळ्यात पडतो आणि पडलेले पाणी कड्यावरून तत्काळ निथळून जाते. पाणी कमी मिळू लागले की पानांतील रस घट्ट होतो आणि घट्ट रस उशिरा गोठतो. याउलट पाणी पिऊन टचटचीत झालेले पान त्याच थंडीत आतून फुटते. शिवाय थंड मातीत मुळे जवळजवळ निजलेली असल्यामुळे साचलेले पाणी ती ओढून घेत नाहीत आणि तेवढ्या अवधीत बुरशी आपले काम उरकते. माझ्या अनुभवात हिवाळ्यात मेलेली बहुतेक अगेव्हची झाडे थंडीने नव्हे, ओलीने मेली. दोष मात्र नेहमी थंडीलाच मिळाला.

आपल्या चिकण जमिनीत खड्डा खणून त्याच्या तळाशी खडी घालण्याचा उपाय लोक सुचवतील, तो कृपया करू नये. चारी बाजूंनी चिकणमाती असलेला खड्डा पावसात हौदासारखा भरतो आणि तळची खडी त्यात बुडून राहते. बारीक वाळू मिसळली तर ती माती सुकल्यावर विटेसारखी कडक होते. त्याऐवजी जमिनीच्या वर दीड फूट उंच वाफा करावा, त्यात निम्म्याहून अधिक भाग मुरूम आणि जाड खरबरीत वाळूचा ठेवावा, कंपोस्ट अगदी थोडे घालावे आणि झाड किंचित तिरके लावावे, म्हणजे गाभ्यात पाणी थांबणार नाही. झाडाच्या मानेभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन नको, खडीचे असावे. लागवड वसंताच्या आरंभी करावी, जेणेकरून पहिल्या थंडीपूर्वी मुळांना पूर्ण हंगाम मिळेल. शरद ऋतू लागल्यावर नत्राचे खत देऊ नये आणि पाणी क्रमाक्रमाने तोडत आणावे. त्या वेळी फुटलेले कोवळे पान दहिवराला सर्वांत आधी बळी पडते.

कातळ:
वरील लेखनाशी मी बव्हंशी सहमत आहे, परंतु पहिल्याच वर्षी रोप जमिनीत लावण्याच्या सल्ल्याशी नाही. ही जात अतिशय सावकाश वाढते. वीतभर रोपाचे दोन-तीन फूट पसरलेले झाड होण्यास बरीच वर्षे लागतात आणि कोवळे रोप मोठ्या झाडाइतकी थंडी सोसत नाही. त्यामुळे पहिले दोन-तीन हिवाळे ते कुंडीत ठेवावे, पाऊस आणि दहिवर यांपासून आडोशाला आणावे आणि बुंधा मुठीएवढा झाल्यावर मगच वाफ्यात उतरवावे, असे मला वाटते. माझी दोन रोपे मी एकाच वसंतात लावली होती, एक कुंडीत आणि एक थेट वाफ्यात. वाफ्यातल्याचा पोंगा तिसऱ्या महिन्यातल्या सततच्या भिजपावसात हातात आला. कुंडीतले आज वाफ्यात आहे आणि त्याच्या बाजूने चार मुनवे फुटले आहेत.

कडाक्याच्या रात्री झाकण घालायचे असेल, तर कापड पानांना टेकू देऊ नये, कारण जिथे ओले कापड टेकते तिथेच पान भाजल्यासारखे होते. चार काठ्या रोवून त्यांवर ते ताणावे आणि सकाळी काढून टाकावे. पावसासाठी मात्र बाजूंनी मोकळे आणि वरून उतरते असे पारदर्शक छप्पर संपूर्ण हिवाळाभर राहिले तरी चालते.

पानफुटी:
खरेदीपूर्वी ओळख पक्की करून घ्यावी, कारण येथे घोटाळा होण्यास भरपूर वाव आहे. ब्रॅक्टिओसाला माखलीची आणि अगेव्ह विल्मोरिनियानाला अष्टपादाची उपमा देऊन इंग्रजी व्यापारी नावे ठेवली आहेत. दोन्हींची पाने वळत-वाकत पसरतात आणि रोपे लहान असताना चिठ्ठ्यांची अदलाबदल सहज होते. विल्मोरिनियाना बरीच मोठी होते, तिचे पान पन्हळीसारखे खोलगट असते, टोकाला छोटा काटा असतो आणि ती थंडीत कमी काटक आहे. ब्रॅक्टिओसाचे पान अरुंद, पिवळसर हिरवे आणि टोकाला काटा नसलेले. पानाच्या कडेवरून बोट टोकाकडून बुंध्याकडे फिरवल्यास बारीक कानशीसारखी खरखर जाणवते. तेवढे दाते तिलाही असतात, पण त्यांनी ओरखडाही उठत नाही. ‘ब्लू ग्लो’ हा संकरही कोणी बिनकाटेरी म्हणून पुढे करील. तो अ‍ॅटेन्युएटा आणि ओकाहुई या जातींचा असून त्याच्या पानाला टोकाशी लहान पण खरा काटा असतो.

मुलांविषयी दोन गोष्टी. एक म्हणजे, काटा नसला तरी रस निरुपद्रवी नसतो. अगेव्हच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात आणि त्यामुळे कातडीला खाज सुटून पुरळ येऊ शकते. तुटलेले पान हातमोजे घालूनच उचलावे. दुसरी म्हणजे, ब्रॅक्टिओसाची पाने ठिसूळ असतात आणि धक्का लागला की काकडीसारखी कटकन मोडतात. तेव्हा आपल्या वाटेवर मुलांना झाडापासून नव्हे, झाडालाच मुलांपासून जपावे लागेल. वाफ्याची कड वाटेपासून हातभर आत घेतल्यास दोन्ही पक्ष सुखी राहतील.

ओसरी:
आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. कुंडीचा सल्ला पटला. उंच वाफा मात्र यंदाच बांधून ठेवतो, म्हणजे पावसात पाणी कसे निथळते ते झाड लावण्याआधीच पाहता येईल. दोन शंका उरल्या आहेत. हे झाड फुलल्यानंतर मरते का? आणि जुन्या अ‍ॅटेन्युएटाचा बुंधा अजून टणक लागतो, तर तो उपटावा का?

मुरमाड:
फुलण्याची चिंता आज करण्याचे कारण नाही, ती वेळ यायला बराच काळ लागेल. तेव्हा दाट, कणसासारखा, फिकट पिवळसर पांढरा तुरा येतो. मूळ झाडाचे पुढे काहीही झाले, तरी भोवती मुनवे आलेले असतात, त्यामुळे जागा ओसाड पडत नाही.

अ‍ॅटेन्युएटाचा बुंधा उपटू नये. कुजलेली पाने काढून टाकावीत आणि धारदार सुरीने बुंधा वरून थोडा थोडा कापत जावे. कापाचा रंग पांढरा आणि स्पर्श टणक लागला की तिथेच थांबावे, तपकिरी ओलसर भाग जराही मागे ठेवू नये. काप कोरडा राहील असा आडोसा द्यावा आणि पाणी तूर्त बंद ठेवावे. ऊब वाढल्यावर बाजूने फुटवे येण्याची शक्यता बरीच असते. ते वीतभर झाले की काढून, आठवडाभर सावलीत सुकवून कुंडीत लावावेत. पुढच्या हिवाळ्यात ती कुंडी रात्री घरात घ्यावी लागेल, एवढे मात्र आधीच ठरवून ठेवावे.