मदत हवी आहे: '?' आणि '-' मुळे झाडाची फणी झाली

सुरळीवाला: लेरिस्टा सापसुरळ्यांच्या नात्यांचं झाड (वंशवृक्ष) काढतोय: ३८ जाती, ९४ शारीरिक लक्षणं. पार्सिमनीत (कमीत कमी बदल लागणारं झाड शोधण्याच्या रीतीत) हजारो समान लांबीची झाडं येतात, स्ट्रिक्ट कन्सेन्सस (सगळ्या झाडांत समान असलेलेच गट) म्हणजे नुसती फणी, सगळ्या फांद्या एकाच जागेतून. एकच गट टिकतो, सगळ्या बिनपायांचा, आणि डीएनए तसं सांगत नाही. लक्षणांच्या तक्त्यातल्या रिकाम्या घरांचं काय करू? शुक्रवारी द्यायचंय.

कवटीकर: प्रोग्रॅम कोणता? रिकामी म्हणजे '?' (माहीत नाही) की '-' (लागूच होत नाही)? कुठे, किती?

विदापंत: जवळच्या ५ जातींचं बहुमताचं मूल्य भरून टाका. केएनएनने दोन मिनिटांत होतं.

कवटीकर: नको! जवळचं कोण हेच शोधायचंय. नात्यावरून घर भरायचं आणि त्याच घरावरून नातं काढायचं?

सुरळीवाला: पॉप (PAUP). ६ जातींच्या कवटीचं स्कॅन नाही, तिथे ५२ लक्षणं '?'. बिनपायांना बोटांची ९ लक्षणं '-'.

गवत्या: निम्म्याहून जास्त '?' असलेल्या जाती उडवा.

कवटीकर: टक्केवारीवर कापू नका. उरलेली ४२ लक्षणं जात बसवायला पुरतात का, ते बघा. विल्किन्सनचा १९९५चा नियम: नोंदलेलं सगळं दुसऱ्या जातीशी जुळलं तरच काढायची, मग बाकीच्यांची मांडणी हलत नाही. भटक्या जाती (झाडागणिक जागा बदलणाऱ्या) शोधात ठेवा, फक्त कन्सेन्सस काढताना वगळा.

आणि पॉपमधलं गॅपमोड ('-' कसं वाचायचं ती सेटिंग) न्यूस्टेटवर आहे का? तसं असेल तर '-' ही वेगळी अवस्था ठरते. पाय जाणं एकदा घडलं तरी बोटांच्या ९ लक्षणांत पुन्हा पुन्हा मोजलं जातं.

बेजप्रेमी: मिस्टरबेज हा संभाव्यतेवर चालणारा प्रोग्रॅम घ्या, त्यातलं शारीरिक लक्षणांसाठीचं एमके मॉडेल. कटकट संपली.

कवटीकर: तोही '?' आणि '-' एकच समजतो.

सुरळीवाला: न्यूस्टेटच होता! मिसिंग केलं, म्हणजे '-' ला '?' सारखंच धरलं, आणि बिनपायांचा गठ्ठा फुटला.

कवटीकर: अर्धंच झालं. मिसिंगमध्ये प्रोग्रॅम बिनपायांनाही बोटं बहाल करतो, आणि झाडावर त्यांच्या अलीकडच्या-पलीकडच्या पायवाल्या दोन गटांची बोटं एकमेकांवर परिणाम करतात. मॅडिसनने १९९३मध्ये दाखवलेली अडचण हीच. आर या संगणकभाषेतलं ट्रीसर्च पॅकेज '-' वेगळं हाताळतं, २०१९च्या ब्रॅझो-गियेर्म-स्मिथ रीतीने. अट एकच: 'पाय आहे/नाही' हे स्वतंत्र लक्षण हवं, आणि '-' फक्त पाय नसलेल्यांनाच.

सुरळीवाला: पंजा तुटलेल्या नमुन्यांनाही '-' दिलाय.

कवटीकर: तिथे '?' करा. पाय आहे, बोटं दिसत नाहीत, एवढंच. आणि पुढचा-मागचा पाय एकाच लक्षणात आहेत का? लेरिस्टात पुढचे गेलेले, मागचे उरलेले असे बरेच आहेत.

सुरळीवाला: एकाच. दोन लक्षणांत तोडतो.