मजकुराचा शोध: फाइली की डेटाबेस? ‘पाणी’ शोधलं की ‘पुणे’ येतंय!

नमस्कार मंडळी,

गिरगावातल्या एका वाचनालयाच्या जुन्या वार्षिकांकांचं संकेतस्थळ मी हौसेने सांभाळतो. साडेचार हजार लेख, लेखागणिक एक टेक्स्ट फाइल, मिळून ७० एमबी. (देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ३ बाइट खातं, म्हणून आकडा फुगलेला.) टंकायला दोन निवृत्त काका आहेत, त्यांना नोटपॅडपलीकडे काही नको.

शोध म्हणजे पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेतला एक लूप: फाइल उघड, शब्द बघ, बंद कर, पुढची. पाचशे लेख होते तोवर खपून गेलं. आता चर्नी रोडला गाडीत चढताना शोध टाकला तर ग्रँट रोड आलं तरी चकती फिरतेच. होस्टिंगवाल्यांची ताकीदही आली.

म्हणून रविवारी सगळं एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या एफटीएस५ (मजकूर शोधायची सोय) टेबलात ओतलं. वेग झकास. पण ‘पाणी’ शोधलं तर पाणीटंचाईच्या लेखांत ‘पुणे सहल’ येऊन बसली! हे काय प्रकरण आहे? आणि मजकूर फाइलींतच ठेवू की कायमचा डेटाबेसात नेऊ?

प्रतिसाद १:
आधी पाणी-पुणे. एफटीएस५चा मूळचा युनिकोड६१ टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) अक्षरं आणि अंक तेवढे धरतो. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार त्याच्या लेखी शब्द तोडणारी चिन्हं. ‘पाणी’चे उरतात ‘प’ आणि ‘ण’. ‘पुणे’चेही तेच! टेबल बनवताना ‘कॅटेगरीज’ या पर्यायात एमसी आणि एमएन हे (काना-मात्रांसारख्या जोडचिन्हांचे) युनिकोड वर्ग वाढवा. आहे त्या टेबलात हा बदल होत नाही, पाडून नव्याने बांधा. तरीही ‘पाणी’ने ‘पाण्याचा’ सापडणार नाही. ‘पाण*’ असं शोधायचं (* म्हणजे पुढे काहीही). पाणवठाही येईल, चालवून घ्या.

फाइली मात्र हलवू नका. काकांची फाइल हेच मूळ, टेबल रोज रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) त्यावरून बनवायचं. बिघडलं तर उडवा, परत बनवा. मजकूर टेबलातही राहू द्या, नाहीतर निकालात शब्दाभोवतीचा उतारा दाखवता येणार नाही. ७० एमबीला काय धाड भरलीय.

धागाकर्ता:
केलं. पुणे गेलं, पाणी आलं! आता ‘ऱ’ची पंचाईत. एका काकांच्या कळफलकावर तो एकच संकेतांक, दुसऱ्यांच्या ‘र’ अधिक नुक्ता. दिसायला सारखेच, शोधात वेगळे. टेबलात भरताना मजकूर आणि शोधताना शब्द, दोन्ही एनएफसीत (युनिकोडचं ठरीव एकसारखं रूप) आणले की भागेल ना?